मिरज गाडीतली पिशवी

"तुझी टाक की. तुझ्या पिशवीत काय फुटणार हाय?" महिपती म्हणाला.

विट्याच्या एसटी स्टँडवर आम्ही तिघं उभे होतो. मी, माझ्या वर्गातला महिपती आणि त्याचे चुलते हिंदुराव नाना. मिरजेची गाडी फलाटाला लागत होती आणि ती पुरती थांबायच्या आतच माणसं तिच्या खिडक्यांना लोंबायला लागली होती.

ज्यांनी आमच्या भागात एसटीनं प्रवास केलाय त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. दारातून चढून जागा शोधणं हे म्हाताऱ्याकोताऱ्यांचं आणि लेकुरवाळ्या बायकांचं काम. तरण्या माणसानं खिडकीतून काहीतरी आत टाकायचं. रुमाल, टोपी, पिशवी, वर्तमानपत्र, काहीही चालतं. जिथं ते पडलं ती जागा त्याची. मग भले तुम्ही दारातून सर्वांत शेवटी चढा, तुमची जागा तुमची वाट बघत असते. यावरून भांडणं होतात, नाही असं नाही, पण तीसुद्धा रुमाल आधी कुणाचा पडला यावरून होतात. रुमालाचा मान सगळे राखतात. आणि एकदा पिशवी आत पडली की मग माणसाला त्या गाडीनं जावंच लागतं, कारण पिशवी पुढं गेली तर मागं राहून करायचं काय?

या कलेत मी आमच्या करंजवाडीचा पहिलवान होतो. अंगानं काडी, पण हात लांब. कुणाच्या घरचं लग्नाचं वऱ्हाड निघालं की "शहाज्याला संगं घ्या, जागा धरंल," असं म्हणायचे. दुसरं कौतुक माझ्या वाट्याला फारसं आलेलं नव्हतं.

त्या दिवशी जागा धरायच्या होत्या त्या नाना आणि महिपतीसाठी. मला स्वतःला मिरजेला जायचंच नव्हतं. मला सांगलीला जायचं होतं, डी.एड.च्या मुलाखतीला, आणि सांगलीची गाडी अजून यायची होती.

आम्ही दोघंही त्या वर्षी बारावी पास झालो होतो. डी.एड.च्या प्रतीक्षा यादीत दोघांचीही नावं लागली होती, माझं वर, त्याचं खाली. महिपतीला मास्तर व्हायची इतकी हौस की शाळेत असताना तो धाकट्या भावंडांना रांगेत बसवून हजेरी घ्यायचा. पण त्याच्या वडलांनी परस्पर ठरवून टाकलं होतं, पोरगा नानाबरोबर जाणार. नानांचं तिकडं सेलमला गलाईचं दुकान. आमच्या खानापूर तालुक्यातली निम्मी घरं यावर चालतात. आमची माणसं पार मद्रासपासून पंजाबापर्यंत जाऊन बसलीत, सोनारांकडची जुनी मोड आणि कचरा घेतात, भट्टीत घालतात आणि त्यातून शुद्ध सोनं-चांदी वेगळी काढून देतात. नाना वर्षाला गावातलं एक पोरगं उचलायचे. यंदा पाळी पुतण्याची होती.

माझं उलट. मी मास्तर व्हावं असं माझ्या आईचं ठरलं होतं. वडील मी चौथीत असताना गेले. मला भाऊ नाही, बहीण नाही. गलाईला गेलेली पोरं वर्षातून एकदा जत्रेला उगवतात, अंगात टेरीकॉटचा शर्ट आणि तोंडात भलतीच भाषा. आई त्यांच्याकडं बघून म्हणायची, "मला सोनंनाणं नको बाबा. सांजच्याला घरला येणारा पोरगा पायजे. एवढंच." ती हे इतक्यांदा म्हणायची की मला मास्तर व्हायचंय की नाही, हा प्रश्न कधी निघालाच नाही.

तर गाडी लागत होती. नानांच्या पिशवीत त्यांचा काटा आणि कसोटीचा दगड. ती पिशवी ते झोपेतसुद्धा खाली ठेवत नसत. महिपतीनं आपली पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

"हिच्यात आईनं लोणच्याची बरणी दिलीया. फुटंल की रं!"

म्हणून मग माझी. माझ्या पिशवीत शाळेचे दाखले, एक शर्ट आणि फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी. खरंच, त्यात फुटण्यासारखं काय होतं? मी धावत्या गाडीबरोबर चार पावलं पळालो, मागच्या बाजूची एक खिडकी हेरली आणि पिशवी अशी आत सोडली की ती बरोबर दोन माणसांच्या बाकावर आडवी पसरली. नानांनी मान डोलावली. हमालानं त्यांची लोखंडी ट्रंक टपावर चढवली आणि ते दाराच्या गर्दीत घुसले.

महिपती माझ्याजवळच उभा.

"चढ की आता," मी म्हणालो.

"चढतो. जरा गर्दी वसरू दे."

तेवढ्यात शेजारच्या फलाटावर सांगलीची गाडी आली. माणसांचा दुसरा लोंढा तिकडं धावला. महिपतीनं माझा दंड धरला.

"शहाजी, तुझी गाडी! तू आत जाऊन पिशवी काढ. मी तुझी जागा धरतो."

आणि मी काही म्हणायच्या आत तो पळाला, आणि सांगलीच्या गाडीच्या खिडकीतून त्यानं आपली पिशवी आत भिरकावली. बरणीची त्या वेळी मलाही आठवण झाली नाही.

मी मिरजेच्या गाडीत शिरलो. शिरलो म्हणजे ढकलला गेलो. बाकापर्यंत पोचतो तर माझ्या पिशवीवर कोंबड्यांचं डालगं, आणि डालग्यावर हात ठेवून एक दांडगी बाई उभी.

"मावशी, खालची पिशवी माझी हाय."

"मग घे की. मी काय खाती काय ती?"

"डालगं उचला की जरा."

"उचलून कुठं ठिवू? तुझ्या डोक्यावर?"

मी पिशवीचा बंद ओढला. आतल्या कोंबड्यांनी एकच कालवा केला. कुणीतरी हसलं, कुणीतरी माझ्या पायावर पाय दिला, आणि कंडक्टरनं डबल बेल दिली.

"ओ, थांबवा! मला उतरायचंय!"

"चढायचं कशाला मग?" कंडक्टर पुढून ओरडला. गाडी मागं येऊन वळलीसुद्धा. खिडकीतून मला महिपती दिसला. तो सांगलीच्या गाडीच्या पायरीवर उभा होता. त्यानं हात वर केला. थांब म्हणत होता की जा म्हणत होता, ते मला कळलं नाही.

माणसं सरकवत सरकवत नाना माझ्यापर्यंत आले. "आता तडफडू नगंस. तासगावला उतरून उगं ताटकळशील. मिरजेलाच चल, तिथनं सांगलीला घडोघडी गाडी हाय. पोचशील येळंत. मह्या कुठं हाय?"

"सांगलीच्या गाडीत. माझी जागा धरून बसलाय."

नाना तसे कमी बोलणारे आणि त्याहून कमी हसणारे, पण तेव्हा त्यांनाही हसू आवरलं नाही. "म्हंजे त्येच्या जाग्यावर तू आन तुझ्या जाग्यावर त्यो. असू दे. सांगलीत उतरून यील मिरजंला. आपल्या रेल्वेला लई येळ हाय."

शेवटी त्या बाईनं तासगावात डालगं उचललं आणि मला माझी पिशवी मिळाली. भाकरींचा चुरा झाला होता. दाखले शाबूत होते. मिरजेपर्यंत मी महिपतीच्या लोणच्याच्या बरणीचा विचार करत होतो. माझ्यापायी ती फुटली असणार आणि त्याच्या सगळ्या कपड्यांना तेल लागलं असणार.

मिरजेला पोचलो तेव्हा मुलाखतीला भरपूर वेळ होता. मुलाखत दुपारी बाराची, आणि उन्हं अजून कोवळीच होती. सांगलीच्या गाड्या स्टेशनच्या दारातूनच सुटत होत्या. हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

महिपती नव्हता, म्हणून ट्रंक उतरवायला आणि स्टेशनात न्यायला मी नानांना हात दिला. मग ते म्हणाले, च्या घे. स्टेशनबाहेरच्या टपरीत आम्ही बसलो. नानांनी मला सेलमची काही गोष्ट सांगितली नाही. तिथं काय कमावतो, काय खातो, काहीच नाही. मीच विचारलं, "नाना, त्या दगडानं कसं कळतं?"

त्यांनी पिशवीतून दगड काढला. काळा, गुळगुळीत, हातात मावेल एवढा. बोटातली अंगठी काढून त्यावर एक रेघ ओढली. मग कनवटीच्या चंचीतून कसलीशी जुनी बाळी काढून तिची रेघ शेजारी ओढली. मला दोन्ही पिवळ्याच दिसल्या. नाना म्हणाले, "घाई करू नगं. सावलीत बग."

मी दगड टपरीच्या सावलीत धरला. थोड्या वेळानं एक रेघ उबदार वाटायला लागली आणि दुसरी जराशी लालसर, कोरडी.

"ही चांगली. ह्या दुसऱ्या रेघंत तांबं हाय."

नानांनी माझ्याकडं बघितलं. "डोळा हाय तुला," एवढंच म्हणाले आणि दगड फडक्यात गुंडाळून ठेवला. पुन्हा तो विषय नाही. "बरं, जा आता. मास्तर हो. चांगलं काम हाय."

मी त्यांच्या पाया पडलो आणि पिशवी घेऊन बाहेर आलो. सांगलीची गाडी लागलेली होती. चक्क जागा रिकाम्या होत्या, रुमाल टाकायचीसुद्धा गरज नव्हती. मी दाराशी गेलो, दांडीला हात लावला आणि मनाशी म्हणालो, पुढच्या गाडीनं जाऊ. ती गेली. पुढची आली. त्या गाडीचा कंडक्टर "सांगली, सांगली" करून माझ्या तोंडाकडं बघत होता. तीही गेली.

मला कसली भीती वाटत नव्हती. मुलाखतीची तर नाहीच. फक्त इतकंच की, मी तिथं उभा होतो आणि जन्मात पहिल्यांदा मला कुणी कुठं ओढत नव्हतं. आई नव्हती, मास्तर नव्हते, गाव नव्हतं. नाना तर मला जा म्हणाले होते. ते नुसतं एकदा 'चल' म्हणाले असते तर मी बहुतेक सांगलीला गेलो असतो. ऊन चढत होतं, मला आई आठवत होती, आणि तरी पाय हलत नव्हते. खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं.

स्टेशनात परत गेलो तर नाना पुलाच्या पायऱ्यांशी ट्रंकेबरोबर झटत होते.

"आरं, गेला न्हाईस अजून?"

"जातो. ट्रंक तेवढी पलीकडं नेऊ."

मी ट्रंकेची एक कडी धरली. मी केलं ते एवढंच. पण दोघांनी उचललेली ट्रंक अर्ध्या पायरीवर सोडता येत नाही. आम्ही ती वर नेली. पुलाच्या मधोमध नानांना दम लागला म्हणून खाली ठेवली. खाली बंगलोरची गाडी उभी होती, डब्यांच्या टपांवर ऊन पडलेलं.

"मह्या काय येत न्हाई आता," नाना म्हणाले.

"नाना, मी येऊ?"

ते ट्रंकेवर बसले. मग म्हणाले, "आईला काय सांगशील?"

मी पुलावरून खाली पळत आलो. टपरीत सकाळच्या गाडीचा कंडक्टर चहा पीत होता. त्याची परतीची फेरी विट्यालाच होती. मला बघून त्याचा चेहरा पडला.

"आरं पोरा, तू अजून हितंच? सांगलीचं काम हुतं ना तुझं?"

"हुकलं."

"माझ्यामुळं झालं बग. एक डाव थांबवाय पायजे हुती गाडी."

तेव्हा मी म्हणू शकलो असतो, तुमच्यामुळं नाही. पण मला आईला द्यायचं उत्तर सापडलं होतं. मी त्याला सांगितलं, विट्याच्या स्टँडवर आमच्या गावच्या दगडूचं पानाचं दुकान आहे, त्याच्याकडं निरोप द्या. आईला सांगा, सांगलीची गाडी चुकली, म्हणून नानांबरोबर चाललोय. शहाजी आपणहून गेला, यापेक्षा शहाजीची गाडी चुकली हे ऐकायला तिला सोपं जाईल असं मला वाटलं. कंडक्टर भला माणूस. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला स्वतःच्या पैशानं चहा पाजला.

मग मी सेलमला गेलो. ते सगळं सांगत बसत नाही. पहिली दोन वर्षं भट्टीपुढं बसून पापण्या जळाल्या, भाषा येईना, रात्री उशीला आईच्या घराचा वास शोधायचो. पण नाना म्हणाले ते खोटं नव्हतं, मला डोळा होता. पुढं माझं स्वतःचं दुकान झालं. लग्न गावाकडंच झालं, पण मुली तिकडंच वाढल्या. त्या आपसात तमिळमध्ये भांडतात आणि माझ्याशी मराठीत. मी सुखात आहे. कुणी विचारलं तर मी असंच सांगतो आणि त्यात काही लपवाछपवी नाही.

इकडं महिपतीला डी.एड.ला जागा मिळाली. नानांनी दाखले बरोबर घे म्हणून सांगितलेलं होतं, ते त्याच्या पिशवीत होतेच. त्याच्या वडलांनी त्याच्याशी महिनाभर अबोला धरला, आणि नोकरी लागल्यावर 'मास्तरचा बाप' म्हणून पारावर मिरवायला लागले. काही वर्षांत त्याची बदली करंजवाडीच्याच शाळेत झाली. शाळेतून त्याच्या घराकडं जायची वाट आमच्या अंगणावरून. संध्याकाळी शाळा सुटली की तो आईकडं थांबायचा, चहा घ्यायचा, तिला काय हवं-नको बघायचा. दिव्याचा बल्ब त्यानं बदलायचा, तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन त्यानं करवून आणायचं, म्हैस व्याली की मला फोनवर कळवायचं तेही त्यानंच. मी आईला एकदा सेलमला नेलं. महिन्यात परत आली. म्हणाली, "तिथं सांज झालेली कळतच न्हाई."

मी गावी आलो की महिपतीसाठी पॅन्ट-शर्टाचं कापड आणायचो. तो घ्यायचा, पण अवघडून, नजर चुकवून. मला वाटायचं, भिडस्त आहे बिचारा.

आणि आई आल्यागेल्याला सांगायची, माझ्यादेखत, "गाडी चुकली बगा त्या दिशी. न्हाईतर माझा शहाजी आज हेडमास्तर असता." दर वर्षी, दर जत्रेला तेच. मी खाली मान घालून चहा प्यायचो.

गेल्या वर्षी आई गेली. ऐंशीच्या पुढची होती, फार हाल न होता गेली. शेवटच्या घटकेला महिपती जवळ होता. मी दुसऱ्या दिवशी पोचलो. सगळे विधी उरकल्यावर मी घराला कुलूप घातलं, किल्ली महिपतीच्या हातात दिली आणि म्हणालो, "जाता-येता बघत जा." तो मला विट्यापर्यंत सोडायला आला. आम्ही दोघं साठीला टेकलेली माणसं. त्याच स्टँडवर, बाकड्यावर बसलो. मिरजेची गाडी अजून लागायची होती.

तो किल्ली बोटात फिरवत होता. मग म्हणाला, "शहाजी, त्या पिशवीत बरणी नव्हती."

"कुठल्या पिशवीत?"

"माझ्या. त्या दिवशी. लोणचंबिणचं काही नव्हतं. माझी पिशवी आत पडली असती तर मला जावंच लागलं असतं. ती हातात आहे तोवर काहीतरी होईल असं वाटत होतं. काय होईल ते ठाऊक नव्हतं, पण काहीतरी."

मला हसू आलं. "लेका, आणि मी इतकी वर्षं त्या बरणीची हळहळ करतोय!"

तो हसला नाही. "एवढंच नाही. सांगलीत एकच जागा उरली होती. तुझं नाव आधी पुकारलं. तिथला कारकून मला म्हणाला, तुमच्याच गावचा मुलगा ना, वाटेत असेल तर थांबतो थोडा वेळ. मी म्हणालो, तो नाही येणार. तू वाटेत असशील असं धरून चाललो होतो मी. तरी म्हणालो."

स्टँडवर गोंधळ चालला होता, पोरंटोरं ओरडत होती, आणि मी त्याच्या सगळ्या संध्याकाळी एकामागून एक डोळ्यांपुढं आणत होतो. ते चहा. ते बल्ब. डोळ्यांत घातलेलं औषध. माझ्या कापडाच्या तुकड्यांपुढं त्याची खाली गेलेली नजर. मला भडभडून आलं. या माणसानं माझी जागा चोरली असं समजून जन्मभर ती फेडली होती, आणि त्यानं चोरलेलं काहीच नव्हतं.

"महिपा, ऐक," मी म्हणालो. "मी वाटेत नव्हतोच. मिरजेत मला भरपूर वेळ होता. सांगलीच्या गाड्या माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या. मी चढलो नाही. गाडीबिडी काही चुकली नव्हती. तो निरोप मी आईला बरं वाटावं म्हणून दिला होता. तुझ्यामुळं माझं काहीएक गेलेलं नाही."

मला वाटलं, त्याला धक्का बसेल. रागावेल तरी. तो शांतपणे म्हणाला, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"हेच. मला नोकरी लागली त्या वर्षी मी तुझ्या आईपुढं, इंदाकाकीपुढं बसून सगळं सांगितलं होतं. बरणी, कारकून, सगळं. म्हणालो, काकी, तुझ्या पोराची जागा मी खाल्ली. मला वाटलं, चुलीतलं लाकूड घेऊन मागं लागेल. ती भाकरी थापत होती, ती थापतच राहिली." महिपतीनं आईचा आवाज काढला नाही, पण शब्द मात्र तिचेच होते. "म्हणाली, 'येड्या, मिरज-सांगली काय लांब हाय व्हय? माझ्या पोराच्या मनात आसतं तर चालत गेला आसता. त्येला जायाचं हुतं, त्यो गेला. तू च्या घे.'"



"पण ती तर सगळ्यांना सांगायची," मी म्हणालो. "माझ्यासमोर. गाडी चुकली, गाडी चुकली."

"तुझ्यासमोरच सांगायची. तू गावात नसताना कधी नाही. आणि मला तिनं शपथ घातली होती. म्हणाली, मला कळलंय हे त्याला कळू देऊ नकोस, लाजंल आणि गावाकडं यायचा बंद हुईल."

मी तोंडावर रुमाल धरला आणि त्या स्टँडवर, पानवाल्याच्या आणि उसाच्या रसवाल्याच्या देखत रडलो. ती गेल्यापासून पहिल्यांदाच. मी तिला बरं वाटावं म्हणून एकदा खोटं बोललो होतो. मला बरं वाटावं म्हणून ती चाळीस वर्षं तेच खोटं बोलत राहिली. महिपती माझ्या पाठीवर हात ठेवून बसला होता.

मग मी विचारलं, "तुझ्या डोक्यावरचं ओझं तर पहिल्याच वर्षी उतरलं. मग तू रोज कशाला जात राहिलास तिच्याकडं?"

"वाट तिच्याच दारावरून होती," तो म्हणाला. "आणि च्या चांगला करायची."

मिरजेची गाडी आली. लोंढा उठला. मी डोळे पुसेपर्यंत महिपतीनं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली होती. "मास्तर, आता वय झालं, राहू दे," असं मी म्हणतोय तोवर हा रिटायर हेडमास्तर गाडीबरोबर पळाला आणि खिडकीतून त्यानं पिशवी आत टाकली. पहिल्या झटक्यात बाकावर. मला जमायची तशीच.

"चढ सावकाश," तो म्हणाला. "जागा तुझीच आहे."

मी दारातून सर्वांत शेवटी चढलो. माझी जागा माझी वाट बघत होती. खिडकीतून मी त्याला म्हणालो, "किल्ली जपून ठेव."

"दिवा लावीन रोज," तो म्हणाला.

डबल बेल झाली. गाडी मागं आली, वळली, फाटकाकडं निघाली. मी मान वळवून बघितलं. पलीकडच्या फलाटावर करंजवाडीची गाडी लागत होती. गर्दीत टाचा उंचावून महिपती तिच्या खिडकीतून आत रुमाल टाकत होता. उन्हं कलली होती, आणि त्याला सांजेच्या आत घरी पोचायचं होतं.